शुक्रवारची सही आणि डिसेंबरची तारीख

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. मी मूळचा चिंचवडचा, मेकॅनिकल इंजिनीअर. १ जून २०२४ पासून स्टुटगार्टजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कायम करारावर आहे. ब्लू कार्डही, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्याला मिळणारा राहण्या-कामाचा परवाना, तेव्हापासूनच. पगार वर्षाला ६०,००० युरो. बायको फॅमिली व्हिसावर आहे, मुलगा चार वर्षांचा. या सोमवारी एचआरने बोलावून आउफहेबुंग्सफरट्राग, म्हणजे संमतीनं नोकरी संपवण्याचा करार, पुढे ठेवला. ३१ जुलैला नोकरी संपवा, चार महिन्यांचा पगार एकरकमी घ्या, शुक्रवारपर्यंत सही द्या. नाही दिली तर क्युंडिगुंग, म्हणजे नोकरीवरून काढल्याची नोटीस, देऊ म्हणतात. करारात नोटीस तीन महिन्यांची आहे, महिनाअखेरपर्यंत. मित्र म्हणतात, पैसे घे आणि मोकळा हो, नाहीतरी नोकरी गेली की तीन महिन्यांत देश सोडावाच लागतो. माझा पासपोर्ट ५ डिसेंबर २०२६ ला संपतो, ब्लू कार्डावरही तीच तारीख आहे. जर्मन भाषेची ए२ पातळी झाली आहे. सही करू का? बायकोच्या व्हिसाचं काय? गणपतीला पुण्याची तिकिटं काढली आहेत, ती रद्द करू का?

— एक वाचक, स्टुटगार्ट

उत्तर:

शुक्रवार दोन दिवसांवर आहे, म्हणून आधी तेवढंच. सही करू नका. एचआरला एकच वाक्य सांगा: ‘इश म्योश्टे डेन फरट्राग प्र्युफेन लासेन’, म्हणजे मला करार तपासून घ्यायचा आहे. आउफहेबुंग्सफरट्राग हा दोघांच्या संमतीचा करार. तुम्ही सही केली नाही तर तो होत नाही, आणि एकदा केलीत की घरी जाऊन विचार बदलला म्हणून मागे घेता येत नाही. ‘शुक्रवारपर्यंत’ ही मुदत कायद्यानं घातलेली नाही, एचआरनं घातली आहे. हा करार काय किंवा क्युंडिगुंग काय, दोन्ही कागदावर आणि शाईच्या सहीनंच चालतात. ईमेल, व्हॉट्सॲप, स्कॅन किंवा मोबाइलवर बोटानं केलेली सही यातलं काहीही चालत नाही.

आता पैसे. चार महिन्यांचा पगार म्हणजे ढोबळ २०,००० युरो. ऐकायला भरघोस वाटतं. पण जुलैमध्ये तुम्हाला क्युंडिगुंग दिली, तर करारातल्या नोटिशीप्रमाणे नोकरी ३१ ऑक्टोबरपर्यंत चालते. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर मिळून १५,००० युरो तुमचेच आहेत. म्हणजे कंपनी खरी वरकड देते ती ५,००० युरोंची, तीही कर कापण्याआधी.

त्या पाच हजारांच्या बदल्यात काय जातं ते पाहा. तुम्ही आपणहून सही करून नोकरी सोडली, असं आर्बाइट्सआम्टला, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयाला, दिसलं की बारा आठवड्यांची श्पेर्रत्साइट, म्हणजे भत्ता रोखण्याची मुदत, लागते. १ ऑगस्टपासून मोजली तर २३ ऑक्टोबरपर्यंत बेकारी भत्ता शून्य. नोटीस न पाळता रक्कम घेतली म्हणून भत्ता थोपवण्याचं आणखी एक कलम आहे, तेही याच काळात लागू होतं. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण श्पेर्रत्साइटमुळे भत्त्याचा एकूण कालावधीही किमान एक चतुर्थांशानं कापला जातो. तुमच्या वयाला, म्हणजे पन्नाशीच्या आत, २४ महिने वर्गणी भरली असेल तर १२ महिने भत्ता मिळतो. त्यातले तीन महिने कायमचे गेले. मूल असलेल्याला भत्ता निव्वळ पगाराच्या ६७ टक्के असतो. तुमच्या पगाराला तो महिन्याला दोन हजार युरोंच्या पुढे जाईल. म्हणजे पाच हजार ढोबळ घेण्यासाठी सहा हजारांहून अधिक निव्वळ सोडायचे! तीन-चार महिन्यांत दुसरी नोकरी हातात पडली, तर हे कापलेले महिने तुम्हाला टोचणार नाहीत, हे खरं. पण वाहन उद्योगातली सध्याची भरती पाहता त्या भरवशावर घर चालवू नये.

पैशांचं एवढ्यावर सोडू. खरा मुद्दा तुमच्या कार्डावरच्या तारखेचा आहे.

‘तीन महिन्यांत देश सोडा’ असा सरसकट नियम नाही. मित्र जो आकडा सांगतात तो ब्लू कार्डाच्या युरोपीय निर्देशातला, २०२१/१८८३ मधला. ब्लू कार्ड मिळून दोन वर्षं झाली नसतील, तर बेकारीचे एकूण तीन महिने ओलांडेपर्यंत केवळ बेकारीच्या कारणानं कार्ड काढून घेता येत नाही. दोन वर्षं झाली असतील तर तीच मर्यादा सहा महिन्यांची. तुम्हाला १ जूनला दोन वर्षं पूर्ण झाली आहेत, म्हणजे तुम्ही सहा महिन्यांच्या रांगेत. शिवाय मर्यादा ओलांडली म्हणून कार्ड त्या रात्री आपोआप विझत नाही. आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांचं कार्यालय, आधी ‘आनहोरुंग’चं पत्र पाठवतं: तुमच्या कार्डाची मुदत कमी करायचा आमचा विचार आहे, तुमचं म्हणणं मांडा. अनेकजण घाबरून या पत्राला उत्तरच देत नाहीत, आणि मग निर्णय एकतर्फी होतो. उत्तरात केलेल्या अर्जांची यादी, मुलाखतींची पत्रं आणि भत्त्याचं मंजुरीपत्र जोडायचं असतं.

पण तुमच्या बाबतीत सहा महिने हे कागदावरचंच सुख आहे, कारण त्याच्या आत ५ डिसेंबर येतो. कार्ड काढून घेणं वेगळं आणि मुदतवाढ मिळणं वेगळं. कार्ड काढून घेताना कार्यालयाला कारण द्यावं लागतं, वाढवून मागताना मात्र पात्रता तुम्ही दाखवायची असते, आणि ब्लू कार्डाची पहिली पात्रता म्हणजे नोकरी. ३१ जुलैला बाहेर पडलात तर ५ डिसेंबरला तुम्ही चार महिन्यांहून अधिक काळ बेकार असाल. ३१ ऑक्टोबरला पडलात तर जेमतेम पाच आठवडे, भत्ता चालू, हातात ताजी पगारपत्रकं. टेबलापलीकडच्या माणसाला या दोन फायली सारख्या दिसत नाहीत. कंपनी तुमच्याकडून नोटिशीचे तीन महिने विकत घेते आहे. ते तुमच्या इथल्या राहण्याचे महिने आहेत, आणि त्यांना लावलेला भाव फार कमी आहे.

म्हणून नुसतं नाही म्हणून गप्प बसू नका, उलट प्रस्ताव ठेवा. करार करायचाच असेल तर शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर. करारात स्पष्ट लिहून हवं की व्यावसायिक कारणांमुळे अटळ झालेली क्युंडिगुंग टाळण्यासाठी, कंपनीच्या पुढाकारानं आणि नोटिशीची पूर्ण मुदत पाळून हा करार होतो आहे. भरपाई सेवेच्या दर वर्षाला अर्ध्या महिन्याच्या पगाराच्या आत ठेवली, तर आर्बाइट्सआम्ट सहसा श्पेर्रत्साइट लावत नाही. त्यांच्या अंतर्गत सूचनाच तशा आहेत. तुमच्या दोन वर्षं पाच महिन्यांना हे सहा हजारांच्या आसपास जातं. आता बेरीज करा: तीन पगारांचे १५,००० आणि भरपाईचे ६,०००, म्हणजे २१,०००. कंपनी आज देते आहे त्यापेक्षा हजार जास्त, आणि भत्ता अख्खा शाबूत. कंपनीलाही हे जड नाही, म्हणून मागायला संकोच नको. फक्त मसुदा कामगार कायद्याच्या वकिलाकडून, फाखआनवाल्ट फ्युर आर्बाइट्सरेश्ट अशी पाटी असलेल्याकडून, वाचून घ्या. यात एक वाक्य चुकलं तरी श्पेर्रत्साइट लागू शकते.

कंपनी अडून बसली आणि क्युंडिगुंग आली तर? ती काही जगबुडी नाही. कंपनीत दहाहून अधिक माणसं असतील आणि तुमचे सहा महिने झाले असतील, तर कुणालाही उठून काढता येत नाही. व्यावसायिक कारण दाखवावं लागतं आणि माणसं निवडताना सेवेची वर्षं, वय, अपंगत्व आणि पोसण्याची जबाबदारी पाहावी लागते. बायको आणि मूल ही तुमची पोसण्याची जबाबदारी कंपनीच्या नोंदीत आहे का ते आजच तपासा. टॅक्स क्लास बदलला असेल तर पगारपत्रकावर दिसेल. कंपनीत बेट्रिब्सराट, म्हणजे कामगार प्रतिनिधी मंडळ, असेल तर क्युंडिगुंगआधी त्याचं म्हणणं घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर ती रद्दबातल ठरते. एचआरच्या आधी त्यांच्या दारात जा.

क्युंडिगुंग हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा दाखल करता येतो. तीन आठवडे उलटले की सदोष क्युंडिगुंगही पक्की होते, मग कितीही चांगला वकील लावा. वकील मिळत नसेल तर न्यायालयातच ‘रेश्ट्सआनट्रागश्टेल’ नावाची खिडकी असते, तिथला कर्मचारी तुमचा दावा लिहून घेतो. पहिल्या पायरीवर जिंकलं तरी आपल्या वकिलाचा खर्च आपणच सोसायचा असतो, हे मात्र आधी माहीत असू द्या. बरीच प्रकरणं पहिल्याच तडजोडीच्या तारखेला मिटतात.

कागद हातात आला की पुढची कामं या क्रमानं:

पहिले तीन दिवस आर्बाइट्सआम्टचे. ‘आर्बाइट्सझूखेन्ड’ म्हणून नोंद करा, म्हणजे नोकरी शोधतो आहे अशी. नोकरी संपायच्या तीन महिने आधी ती करायची असते आणि त्याहून उशिरा कळलं तर कळल्यापासून तीन दिवसांत. उशीर झाला तर एका आठवड्याचा भत्ता जातो. ही नोंद ऑनलाइन होते. इथं लोक एक गफलत हमखास करतात. ती नोंद म्हणजेच सगळं झालं असं समजतात. ‘आर्बाइट्सलोस’, म्हणजे बेकार झालो, ही नोंद वेगळी, आणि ती बेकारीच्या पहिल्या दिवसापर्यंत करावी लागते. प्रत्यक्ष जाऊन करा किंवा तुमच्या रेसिडेन्स कार्डाच्या ऑनलाइन ओळखीनं. ऑनलाइन करायची तर कार्डाबरोबर आलेलं पिनचं पत्र लागतं. ते बहुतेकांच्या घरात हरवलेलं असतं, म्हणून आजच शोधा. नोंद जितकी उशिरा तितके दिवस भत्ता बुडतो, मागच्या तारखेनं मिळत नाही.

पहिले दोन आठवडे आउसलेंडरबेहोर्डेचे. ब्लू कार्डधारकानं नोकरी मुदतीआधी संपल्याचं कळल्यापासून दोन आठवड्यांत कार्यालयाला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. कंपनीवरही चार आठवड्यांत कळवायचं बंधन आहे, त्यामुळे लपवून काही साधत नाही. त्यांना दुसरीकडून कळलं तर फायलीत वाईट दिसतं, एवढंच. चार ओळींची ईमेल पुरते: नाव, जन्मतारीख, कार्डाचा क्रमांक, कंपनी, शेवटचा दिवस, नव्या नोकरीचा शोध चालू आहे. सोबत क्युंडिगुंगची प्रत आणि आर्बाइट्सझूखेन्डची पोचपावती. ईमेलची पीडीएफ जपून ठेवा.

भत्ता घेतला तर पुढचा व्हिसा अडतो, ही समजूत मराठी कट्ट्यावर पक्की रुजली आहे. चूक आहे. आर्बाइट्सलोझनगेल्ड, म्हणजे हा बेकारी भत्ता, तुम्ही भरलेल्या वर्गणीतून येतं, ती सरकारी मदत धरली जात नाही. मुलांसाठी मिळणारं किंडरगेल्डही नाही. अडचण होते ती भत्ता संपल्यावर मिळणाऱ्या मूलभूत निर्वाह मदतीनं, ज्याला इतकी वर्षं ब्युर्गरगेल्ड म्हणत आलो त्यानं. तिथवर वेळ येऊ देऊ नका.

आता पासपोर्ट. तुमच्या कार्डावरची तारीख पासपोर्टच्या तारखेवर बेतलेली दिसते, आणि जुन्या पासपोर्टवर कार्यालय पुढची मुदत देणार नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतं. नूतनीकरणाचा अर्ज या आठवड्यात भरा. भारतातली पोलीस पडताळणी रेंगाळली तर आठवडे जातात, आणि पासपोर्टवर पुण्याचा पत्ता असून तिथं कुणी राहत नसेल तर हमखास रेंगाळते.

मुदतवाढीचा अर्ज ५ डिसेंबरच्या आत गेला पाहिजे. अपॉइंटमेंट त्याच्या आत मिळाली पाहिजे असं नाही, अर्ज पोचला पाहिजे. वेळेत अर्ज केला की निर्णय होईपर्यंत जुनं कार्ड कामाच्या परवानगीसकट चालू धरलं जातं. त्याचा पुरावा म्हणजे फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग, १३ युरोंचा घडीचा कागद. तो हातात पडला की खिडकीसमोरच उघडून आतल्या तीन चौकटी बघा. फुली निवास कायद्याच्या परिच्छेद ८१, उपकलम ४ वर हवी. तिचा अर्थ जुना परवाना पुढे चालू, म्हणजे काम करता येतं आणि भारतात जाऊन परतही येता येतं. उपकलम ३ च्या चौकटीवर फुली असेल तर त्या कागदावर जर्मनीबाहेर जाऊन परत येता येत नाही. कर्मचाऱ्याकडून फुली चुकीच्या जागी पडते, आणि ते थेट विमानतळावर कळतं.

अर्जासोबत काय लावायचं ते डिसेंबरला तुमच्या हातात काय आहे त्यावर ठरेल. नवा करार असेल तर सोपं. तुमचे पहिले बारा महिने कधीच उलटले आहेत, त्यामुळे कंपनी बदलायला आधी परवानगी घ्यावी लागत नाही. नवी नोकरी ब्लू कार्डात बसली म्हणजे झालं. २०२६ ची पगाराची रेषा वर्षाला ५०,७०० युरो आहे. इंजिनीअरसारख्या तुटवड्याच्या व्यवसायांना ४५,९३४.२० युरो चालतात, पण या दोन रेषांच्या मधल्या पगाराला आर्बाइट्सआम्टची संमती लागते, म्हणजे काही आठवडे जास्त धरा. तुम्हाला आज साठ आहेत. पंचावन्नची ऑफर आली तर घासाघीस करताना एवढं मनात असू द्या की कार्डाच्या दृष्टीनं ती पूर्ण पुरते. कंपनीकडून ‘एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफरहेल्टनिस’ हा नोकरीच्या तपशिलाचा फॉर्म भरून घ्या. अर्ज परत येण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे त्यातला कामाचा तपशील पदवीशी न जुळणं. ‘प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर’ असं मोघम लिहू देऊ नका.

करार नसेल तर बेकारीचे सहा महिने झालेले नाहीत या आधारावर मुदतवाढ मागा, आणि त्याच अर्जात पर्याय म्हणून चान्सनकार्ट मागा. नोकरी शोधण्यासाठी वर्षापर्यंत मिळणारा हा परवाना कामाच्या परवान्यावर असलेल्याला जर्मनीत राहूनच मागता येतो, आणि त्यावर आठवड्याला वीस तास काम चालतं. बायको-मुलाच्या परवान्यावर त्याचा काय परिणाम होईल हे अर्जाआधी वकिलाकडून समजून घ्या, ती वाट कुटुंबाला अरुंद आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पीआरचा, म्हणजे कायम निवासाच्या परवान्याचा, विषय निघेलच. ३१ ऑगस्टला तुमचे त्यासाठी लागणारे २७ महिने भरतात, ए१ च्या वर जर्मन आहे, मग नोटिशीत असतानाच अर्ज ठोकून द्यावा, असं कुणीतरी सुचवेल. कार्यालय सहसा नोकरीला नोटीस लागलेली नाही असं कंपनीचं पत्र मागतं, तिथंच गाडी अडते. क्युंडिगुंग लपवून अर्ज करायचा विचारही नको. भरलेले महिने कुठं जात नाहीत. नव्या कंपनीत ब्लू कार्ड चालू राहिलं आणि प्रोबेशन संपलं की ते मोजले जातील. दरम्यान ‘लेबन इन डॉइचलांड’ची, म्हणजे ‘जर्मनीतलं जीवन’ या विषयाची, परीक्षा देऊन ठेवा, ३३ पैकी १५ प्रश्न बरोबर आले की पीआरपुरतं काम होतं.

बेकारीत एक मोह टाळा: पुण्यातल्या मित्राच्या कंपनीचं काम स्टुटगार्टात बसून करणं. पैसे भारतातल्या खात्यात आले तरी काम जर्मनीतच झालं. ब्लू कार्ड स्वतंत्र व्यवसायाचा परवाना नव्हे, आणि भत्ता घेताना न कळवलेलं काम सापडलं तर भत्ता परत मागतात. छोटं पूरक कामही आधी कार्डासोबतच्या हिरव्या त्सूझात्सब्लाटवर, म्हणजे जोडपत्रावर, काय लिहिलंय ते वाचून आणि दोन्ही कार्यालयांना विचारूनच.

तुमच्या पत्नीच्या कार्डावर ‘एर्वेर्ब्सटेटिगकाइट एरलाउप्ट’ असं असेल. त्यांना कुठलीही नोकरी करता येते, वेगळी परवानगी लागत नाही. त्यांचा परवाना तुमच्यावर टेकलेला आहे, म्हणून त्यांनी आत्ताच अर्ज सुरू करणं हा तुमच्या घराचा सगळ्यात स्वस्त विमा. त्यांची पदवी आनाबिन या परदेशी पदव्यांच्या यादीत मान्य असेल आणि वरच्या रेषेत बसणारा पगार मिळाला, तर त्यांना स्वतःचं ब्लू कार्ड मिळू शकतं. मग तुम्ही त्यांच्या फॅमिली व्हिसावर. मुदतवाढीचे अर्ज मात्र तिघांचे तीन. मुलाचा विसरतात.

गणपती यंदा १४ सप्टेंबरला आहेत. सही केली नाहीत तर तेव्हा तुम्ही नोकरीतच असाल, रजा टाका आणि जा. कार्ड डिसेंबरपर्यंत चालू आहे, परत येताना अडचण नाही. पासपोर्टचं काम मात्र त्याआधी उरकलेलं हवं आणि नवा पासपोर्ट मिळाला तरी जुना सोबत ठेवा. भत्ता चालू असता तर प्रत्येक बाहेरगावाची आर्बाइट्सआम्टकडून आधी परवानगी लागली असती, वर्षाला तीन आठवड्यांपर्यंत. तेव्हा तिकिटं रद्द करू नका. फक्त टपालपेटीची किल्ली शेजाऱ्याकडे द्या आणि पाकीट आलं की उघडून फोटो पाठवायला सांगा. तुम्ही पुण्यात आरतीला उभे असलात तरी पेटीत पडलेली क्युंडिगुंग तुम्हाला मिळाली असंच धरतात आणि तीन आठवडे तिथूनच मोजतात.